पाच वर्षांखालचा बुद्ध्यंक: आकडा कुणाबद्दल बोलतो?

एक लाकडी पाटी. तिच्यात दहा खाचा: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, चांदणी, फुली, अर्धवर्तुळ, षटकोन आणि असेच आणखी काही आकार. त्याच आकारांचे दहा ठोकळे बाहेर काढून तीन ढिगांत रचलेले. परीक्षक स्टॉपवॉच दाबतो आणि सांगतो, "जेवढ्या लवकर जमेल तेवढ्या लवकर सगळे आपापल्या जागी बसव." चार वर्षांचं मूल वर्तुळ उचलतं, ते चटकन बसतं. चांदणीपाशी हात अडतो. ती फिरवून पाहतं, दाबून पाहतं, मग परीक्षकाच्या तोंडाकडे बघतं. परीक्षकाने त्या वेळी मदत करायची नसते. असं तीनदा होतं, तिन्हींतला सर्वांत कमी वेळ धरला जातो आणि तक्त्यात तेवढ्या सेकंदांसमोर छापलेलं मानसिक वय अहवालात उतरतं. ही सेगाँची आकारपाटी. आपल्याकडच्या बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांच्या मानसशास्त्र विभागांत ती आजही नेहमीची आहे. एकोणिसाव्या शतकात एदुआर्द सेगाँ या फ्रेंच शिक्षक-वैद्याने ती वापरली ती शिकवण्यासाठी, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं लोक म्हणत त्या मुलांना शिकवण्यासाठी. पुढे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत हेन्री गोडार्डने १९१२ च्या सुमारास तिला बुद्धी मोजायचं साधन केलं. दुसरीकडे मारिया माँटेसरींनी सेगाँचीच साधनं घेऊन बालशाळेसाठी खाचांचे तक्ते केले, आणि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या वाटेने ती पद्धत आपल्या बालवाडीत आली. तिथे न बसणारा ठोकळाच मुलाला त्याची चूक सांगतो आणि मूल पुन्हा हात घालतं. सेकंद कुणी लिहून घेत नाही.

एकाच पाटीची ही दोन आयुष्यं पाहिली की शाळेआधीच्या वयातल्या बुद्धिमापनाचा सगळा प्रश्न समोर येतो. या चाचण्यांचा एका शतकाहून अधिक काळाचा पुरावा आता आपल्याकडे आहे आणि तो एका दिशेने बोट दाखवतो, असं माझं मत आहे. अडीच ते पाच-सहा वर्षांच्या वयात मिळालेला आकडा मुलांच्या गटाबद्दल बोलतो तेव्हा बराच भरवशाचा असतो. एखाद्या मुलाला आत्ता कुठे मदत हवी हे सांगतो तेव्हा तो उपयोगी असतो, पण तेव्हा त्याला इतर माहितीची जोड लागते. त्याच एका मुलाचं पुढे काय होणार हे त्याला विचारलं, तर त्याचं उत्तर कच्चं असतं. पालकांना, शाळांना आणि सरकारांना मात्र नेमका हा तिसराच प्रश्न विचारायचा मोह होतो.

सुरुवात करणाऱ्याला हे ठाऊक होतं. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने १९०४ मध्ये आयोग नेमला तो वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळं शिक्षण कसं द्यावं यासाठी, आणि त्यातून १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमों यांची पहिली मापनश्रेणी आली. १९०८ च्या सुधारित श्रेणीत वयानुसार गट पडले. तीन वर्षांच्या मुलाने काय करावं, तर नाक-डोळे-तोंड दाखवावं, चित्रातल्या वस्तू सांगाव्यात, दोन आकडे ऐकून परत म्हणावेत, सहा अक्षरांचं वाक्य पुन्हा म्हणावं आणि आपलं आडनाव सांगावं. पॅरिसच्या मुलाला आडनाव विचारणं साधी गोष्ट. जिथे पोराला घराण्याच्या किंवा बापाच्या नावाने ओळखतात आणि आडनाव शाळेच्या दाखल्यावर पहिल्यांदा भेटतं, तिथे हाच प्रश्न बुद्धीचा राहत नाही, कागदपत्रांचा होतो. बिनेला आपल्या साधनाच्या मर्यादा दिसत होत्या. १९०९ च्या पुस्तकात त्याने, बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला आणि न वाढणारा साठा, या समजुतीला उघड विरोध केला. १९११ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून बुद्ध्यंकाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये लुइस टर्मनने स्टॅनफर्डमध्ये श्रेणी नव्याने बांधली तेव्हा मदतीची गरज शोधणारं साधन माणसांची प्रतवारी लावणारं साधन झालं होतं.

आपल्याकडे हे काम लवकर आलं, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नसते. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने श्रेणीचं कन्नड आणि मराठी रूपांतर केलं, इथल्या मुलांवर ते तपासलं आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 'बिने-कामत' तीन वर्षांपासून पुढे वापरता येते आणि अजूनही वापरात आहे. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लरच्या श्रेणीचं भारतीय रूप दिलं, पण ते सहा वर्षांपासून पुढचं. सर्वांत लहान मुलांसाठी मोठं काम बडोद्याला प्रमिला फाटक यांनी केलं. नॅन्सी बेली यांच्या श्रेणीवरून जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी मानकं तयार झाली, आणि माणसाच्या चित्रावरून विकास जोखण्याच्या चाचणीलाही इथली मानकं मिळाली. म्हणजे अडीच वर्षांच्या आतल्यांसाठी आणि सहाच्या पुढच्यांसाठी भारतीय घडणीची साधनं आहेत. मधल्या साडेतीन वर्षांत, बालवाडीच्या नेमक्या वयात, जुनी बिने-कामत, सेगाँची पाटी किंवा बाहेरून आलेली महाग पेटी यांवर भागवावं लागतं.

आता आकडा कसा बनतो ते पाहू. 'प्रमाणित' याचा अर्थ एवढाच की प्रश्न, सूचना, वेळ आणि गुण देण्याची रीत सगळ्यांना सारखी असते, आणि मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या, आधी तपासलेल्या मुलांच्या नमुन्याशी होते. या नमुन्याच्या आकड्यांनाच मानकं म्हणतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरायचा रिवाज आहे. चाचणीची विश्वसनीयता ०.९० असेल तर ती चांगली समजतात. पण गणित केलं तर अशा चांगल्या चाचणीतही मोजणीची प्रमाणचूक पावणेपाच गुणांच्या आसपास येते, म्हणजे ९२ मिळालेल्या मुलाचा खरा अंक ८३ ते १०१ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. अहवालात ९२ हा एकच आकडा ठळक छापलेला असतो आणि आई-वडील तोच घेऊन घरी जातात. त्यात वयाचा काटा फार बारीक. चाळिशीतल्या माणसाला सहा महिन्यांनी फरक पडत नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. म्हणून मानकांचे तक्ते काही-काही महिन्यांच्या पट्ट्यांत असतात आणि जन्मतारीख चुकली की सगळं उत्तर चुकतं. मागच्या पिढ्यांतल्या कित्येकांचा वाढदिवस शाळेत मास्तरांनी सोयीसाठी १ जून लिहून टाकला, हे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. आज जन्मदाखले बरे आहेत, पण पाड्यावरच्या किंवा ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या मुलाची तारीख नीट विचारून घेणं हा चाचणीचाच भाग मानायला हवा.

याहून मोठी अडचण परीक्षा देणाऱ्याची आहे. मोठा माणूस चाचणीला बसतो तेव्हा आपली परीक्षा होते आहे हे त्याला कळतं. चार वर्षांच्या मुलासाठी ती एका अनोळखी माणसाशी झालेली विचित्र गाठ असते. ज्याला उत्तर माहीत आहे तोच प्रश्न का विचारतो, हे त्याला उमगत नाही. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. झां पियाजेचा प्रसिद्ध प्रयोग असा: दोन सारख्या रांगा मांडायच्या, मुलाकडून 'दोन्हींत सारखे' असं वदवून घ्यायचं, मग एक रांग लांब किंवा आखूड करून पुन्हा तेच विचारायचं. चार ते सहा वर्षांची बहुतेक मुलं दुसऱ्या वेळी चुकतात. या दोघांनी बदल एवढाच केला की रांग प्रयोगकर्त्याने मुद्दाम हलवली नाही. एक खोडकर टेडी अस्वल येऊन ती विस्कटून गेलं. मुद्दाम हलवली तेव्हा साधारण सहांतलं एकच मूल बरोबर उत्तर देत होतं. अस्वलाने हलवली तेव्हा दहांतली सहा मुलं बरोबर निघाली. मुलांची समज त्या पाच मिनिटांत वाढली नव्हती. मोठ्या माणसाने रांग हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे त्याला वेगळं उत्तर हवं असणार, असा शहाणा अंदाज मुलं बांधत होती. एडवर्ड झिग्लरनेही १९६८ च्या सुमारास गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांवर दाखवलं की आधी थोडं खेळून, सोप्या प्रश्नांनी सुरुवात करून, धीर देत चाचणी घेतली तर गुण वाढतात. अंगणवाडीतल्या ताईंना हे कोणत्याही अभ्यासाशिवाय माहीत असतं. भूक लागलेलं, झोप अर्धवट झालेलं, आई दाराआड गेलेलं मूल तोंड उघडत नाही, आणि तेच मूल दुपारी भातुकलीत सगळ्यांना हुकूम सोडत असतं.

मग भाकिताचं काय? 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असं आपण सहज म्हणून जातो. नॅन्सी बेली यांनी बर्कलीला एकाच गटातली मुलं जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत पुन्हापुन्हा तपासली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष मांडला, की पहिल्या वर्षातल्या गुणांचा शाळकरी वयातल्या बुद्ध्यंकाशी जवळजवळ काही संबंध नाही. मार्जोरी होन्झिक आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये, बर्कलीतल्याच दुसऱ्या गटावर, दुसऱ्या वर्षाच्या आणि अठराव्या वर्षाच्या गुणांतला सहसंबंध ०.३ च्या आसपास, तर सहाव्या आणि अठराव्या वर्षातला ०.६ च्या आसपास असल्याचं दाखवलं. म्हणजे वयाबरोबर चाचणी भरवशाची होत जाते, आणि बालवाडीचं वय नेमकं मधल्या दलदलीत येतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. सहा ते अठरा या काळात जवळपास ६० टक्के मुलांचा बुद्ध्यंक १५ किंवा त्याहून अधिक गुणांनी सरकला, एक तृतीयांशांचा २० हून अधिक. सहसंबंध चांगला असूनही हे घडलं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात शिजत आल्यावर. आधण नुकतंच आलेलं असताना काढलेलं शीत फक्त आच कशी आहे ते सांगतं.

याला लगेच उत्तर येतं, की शाळेतलं यश तर या चाचण्या सांगतात ना? काही प्रमाणात सांगतात. कॅरन ला पॅरो आणि रॉबर्ट पियांटा यांनी २००० मध्ये सत्तर अभ्यास एकत्र करून पाहिलं, की शाळेआधी मोजलेल्या बौद्धिक-शैक्षणिक कौशल्यांतून पहिल्या एक-दोन इयत्तांतल्या अभ्यासातल्या फरकाचा साधारण एक चतुर्थांश भाग उलगडतो. २००७ मध्ये ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी सहा मोठ्या पाहण्यांतून दाखवलं की शाळेत येताना असलेली संख्यांची समज पुढच्या यशाशी सर्वांत घट्ट बांधलेली असते. दोन्ही निष्कर्ष मी मान्य करतो, आणि त्यांतून प्रवेशाची चाळणी निघत नाही असंही म्हणतो. एक चतुर्थांश उलगडलं म्हणजे तीन चतुर्थांश उलगडायचं राहिलं, आणि ते शिक्षक, घर, आजारपण, आवड यांच्या हातात असतं. संख्यांची समज महत्त्वाची असेल तर ती कमी असलेल्या मुलाला जास्त गोट्या, जास्त खेळ, जास्त वेळ मिळायला हवा. त्याला दारातून परत पाठवायचं समर्थन या पुराव्यात कुठेही नाही.

गटाचा विचार केला की चित्र पालटतं, कारण एकेका मुलाच्या मोजणीतल्या अनियमित चुका शंभर-दीडशे मुलांच्या सरासरीत एकमेकींना खोडून काढतात. या चाचण्यांनी जगाला दिलेलं सर्वांत मोठं देणं मला बुखारेस्टमध्ये दिसतं. रुमानियाच्या अनाथालयांतली १३६ लहान मुलं २००१ पासून अभ्यासली गेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून अर्ध्यांना पर्यायी कुटुंबांत ठेवलं, बाकीची संस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात, प्रमाणित चाचणीवर, संस्थेत राहिलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ निघाला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि कधीच संस्थेत न गेलेल्या मुलांचा १०९. जी मुलं लहान वयात घरी गेली ती जास्त सावरली. कोणत्याही एका मुलाबद्दल हे आकडे शेवटचा शब्द नाहीत. पण आईबाप नसलेल्या बाळाला रांगेतल्या पलंगापेक्षा एक मांडी हवी, हे धोरणकर्त्यांसमोर इतक्या ठामपणे मांडायला चाचणीवाचून दुसरं साधन नव्हतं. जमैकात किंग्स्टनला नऊ महिने ते दोन वर्षांच्या, खुंटलेल्या वाढीच्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला कार्यकर्ती जाऊन घरगुती खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवत होती. त्या मुलांचे विकासाचे गुण वाढले, आणि वीस वर्षांनी त्यांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त आढळली. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची साधारण ३५ टक्के मुलं खुंटलेल्या वाढीची निघाली, महाराष्ट्रातही तेवढीच. किंग्स्टनच्या त्या आठवड्याच्या भेटी आपल्या अंगणवाडीसाठी दूरच्या गोष्टी नाहीत.

अमेरिकेतल्या मिशिगनमधली पेरी बालशाळा हे उदाहरण दोन्ही बाजूंना पुरावा देतं, म्हणून ते इथे हवंच. १९६२ पासून यप्सिलँटी गावातली १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलं निवडली गेली, आणि निवडीची एक अटच अशी होती की त्यांचा बुद्ध्यंक ७० ते ८५ यांमध्ये हवा. बालशाळेत गेलेल्यांपैकी ६७ टक्के मुलांनी पाचव्या वर्षी ९० किंवा वरचा अंक गाठला. न गेलेल्यांत २८ टक्क्यांनी. प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षं सरता सरता हा फरक मावळला. बालशिक्षण फुकट आहे असं म्हणणाऱ्यांना तेव्हा हातात कोलीत मिळालं. पण ती मुलं चाळीस वर्षांची झाल्यावर पाहिलं तर गेलेल्यांपैकी ७७ टक्के माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले होते, न गेलेल्यांपैकी ६० टक्के. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण ३६ विरुद्ध ५५ टक्के. अंक मावळला तरी आयुष्यं बदललेली राहिली. बालशाळेने दिलेली चिकाटी, मोठ्यांवरचा विश्वास, दुसऱ्याचं ऐकायची सवय यांना त्या चाचणीत घरच नव्हतं. बुद्ध्यंकावरच निकाल लावून १९७२ मध्ये तो प्रयोग निरुपयोगी ठरवला असता, तर बालशिक्षणाच्या बाजूचा एक फार भक्कम पुरावा हातचा गेला असता.

भाषा-संस्कृतीच्या प्रश्नावर थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात तो सर्वांत जास्त बोचतो. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ मध्ये झांबियातल्या आणि इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना एकच काम वेगवेगळ्या साहित्यात दिलं: नमुना पाहून तसाच आकार करा. कागद-पेन्सिलीत इंग्लंडची मुलं सरस ठरली. तारेत झांबियाची मुलं सरस ठरली, कारण तारेच्या गाड्या करणं हा तिथल्या पोरांचा रोजचा खेळ. मातीत दोघं बरोबरीची. कोणत्या मुलांची 'आकारांची जाण' जास्त, या प्रश्नाचं उत्तर परीक्षकाने टेबलावर काय ठेवलं यावर ठरलं. म्हणून 'शब्द नसलेली चाचणी घ्या म्हणजे संस्कृतीचा प्रश्न मिटतो' हा तोडगा मला अर्धाच पटतो. सेगाँच्या पाटीत शब्द नाहीत, पण घड्याळ आहे, आणि घाईने काम करण्याला शाबासकी मिळते हे सगळ्या घरांत सारखं शिकवलेलं नसतं. शब्दांच्या चाचण्यांचं तर विचारूच नका. चित्रातलं फळ पुण्याच्या मुलासाठी पेरू आहे. विदर्भातलं मूल त्याला जाम म्हणेल, मराठवाड्यातलं जांब. उत्तरपत्रिकेत 'पेरू' एवढंच छापलेलं असेल तर त्या मुलाला गुण मिळणं परीक्षकाच्या जाणकारीवर अवलंबून. ही तर मराठीच्या आतली गोष्ट झाली. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया. एक भाषा मुंडा कुळातली, दुसऱ्या द्रविड. अंगणवाडीतली मराठी त्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्यांदा भेटते, आणि त्या मराठीत मोजलेली शब्दसंख्या त्यांच्या बुद्धीबद्दल काही सांगत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांबद्दल टोरांटोच्या एलन बियालिस्टॉक यांनी २०१० मध्ये १,७३८ मुलांच्या माहितीतून दाखवलं की इंग्रजी शब्दांच्या चाचणीत द्विभाषिक मुलं सरासरीने एकभाषिकांच्या मागे असतात. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या आई-वडिलांना असा एखादा गुण दाखवून 'घरी मराठी बंद करा' असा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. त्या मुलाचे निम्मे शब्द दुसऱ्या डब्यात आहेत आणि तो डबा कुणी उघडलेलाच नाही.

जुन्या मानकांचा धोका याला जोडूनच येतो, आणि तो उलट्या बाजूने चावतो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत पिढ्यांमागून सरासरी गुण दर दशकाला तीनएक अंकांनी चढत गेले. असा चढ इथेही झाला असेल, तर १९३० च्या दशकातल्या मानकांवर आजचं मूल जोखलं की ते आहे त्यापेक्षा वरचं दिसतं. ज्याला खरोखर मदत हवी ते मूल मग ७० च्या रेषेच्या वर निघतं आणि सवलतीला, विशेष शिक्षकाला मुकतं. चुकीचं मापन फक्त शिक्काच मारतं असं नाही. कधीकधी ते गरजूलाच वगळतं.

सरकारांनी हे साधन हातात घेतलं तेव्हा काय झालं, ते थोडक्यात. अमेरिकेत २००३ मध्ये हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या बालशिक्षण योजनेतल्या चारेक लाख बालकांना वर्षातून दोनदा एकसारखी चाचणी द्यायला सुरुवात झाली. सरकारच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाने २००५ मध्ये तिच्या दर्जावर बोट ठेवलं आणि २००७ च्या कायद्याने ती बंद झाली. न्यूयॉर्क शहराने 'प्रतिभावान' वर्गांसाठी चार वर्षांच्या मुलांची चाचणी चालवली. तिच्यासाठी शिकवण्या निघाल्या, ज्यांना परवडल्या त्यांची मुलं पुढे गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये शहराच्या शिक्षण पॅनेलने चाचणीचं कंत्राट नाकारलं. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ पासून शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची वीसेक मिनिटांची पायाचाचणी सक्तीची केली, पण ती शाळेची सात वर्षांची प्रगती मोजण्यासाठी. मुलाचा अंक पालकांना दिला जात नाही. गटासाठी चाचणी वापरायची असेल तर निदान ही दिशा बरोबर आहे, जरी नव्या शाळेच्या पहिल्या सहा आठवड्यांत, मूल अजून दप्तर कुठे ठेवायचं ते शोधत असताना, हे मोजणं मला पटत नाही. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी घ्यायला बंदी केली, पहिल्या वेळी २५,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. तरीही 'इंटरॅक्शन' या नावाखाली रंग, आकार, ए टू झेड विचारले जातात, आणि त्यासाठी अडीच वर्षांच्या लेकराची घरी तालीम घेतली जाते. याला चाचणी म्हणणंसुद्धा चूक आहे. मानकं नाहीत, प्रशिक्षित परीक्षक नाही, मोजणीतल्या चुकीचा अंदाज नाही. फक्त निकाल आहे.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो. चाचण्या काढून टाकल्या तर उरते मोठ्या माणसाची नजर, आणि तिच्यात जात, कपडे, रंग, बोलीचा हेल सगळं मिसळलेलं असतं. चाचणी निदान सगळ्यांना तोच प्रश्न विचारते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच चाचण्या मोडीत काढा असं मी म्हणत नाही. अबोल, बुजऱ्या, कळकट कपड्यांतल्या मुलाला ताईंनी 'मंद' ठरवलं असेल आणि ठोकळ्यांच्या नक्षीत ते वयापुढे निघालं, तर त्या मुलासाठी चाचणीच वकील होते. ऐकू कमी येतं म्हणून न बोलणारं मूल याच वाटेने ओळखू येतं. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: विकासातला विलंब लवकर सापडला तर उपचार लवकर सुरू होतात, थांबणं परवडत नाही. तेही मान्य. पण वैद्यकाने स्वतःच घेतलेली खबरदारी पाहा. २०१३ च्या अमेरिकी निदानसंहितेत पाच वर्षांखालच्या, नीट तपासता न येणाऱ्या मुलासाठी 'सार्वत्रिक विकासविलंब' असं निदान ठेवलं आहे, पुन्हा तपासणी करायच्या अटीवर. आपल्या दिव्यांग हक्क कायद्याखाली २०१८ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही पाच वर्षांपर्यंत हाच शब्द वापरायला सांगितला आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचं नाव त्यापुढच्या वयासाठी राखलं. मदत आजपासून, नाव नंतर. ज्यांच्या हातात सर्वांत गंभीर मुलं येतात तेच इतके जपून बोलत असतील, तर नर्सरीच्या दारावर बसलेल्यांना एवढा आत्मविश्वास कुठून येतो?

बरी साधनं आता येऊ लागली आहेत. २०१९ च्या 'असर' पाहणीने २४ राज्यांतल्या २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या जवळपास ३७ हजार मुलांना घरी जाऊन वर्गीकरण, क्रम लावणं, नक्षी ओळखणं, कोडं जुळवणं अशी छोटी कामं दिली, आणि एकाच इयत्तेत वयाने मोठी मुलं स्पष्टपणे पुढे असतात हे दाखवलं. घाईने पहिलीत घालणाऱ्या प्रत्येक पालकासाठी तो निष्कर्ष आहे. गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' संस्थेच्या संशोधकांनी टॅब्लेटवरचे खेळ तयार करून हरियाणातल्या खेड्यांत तपासले, ज्यात मूल खेळतं आणि मोजणी पाठीमागे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अनेक देशांत तपासलेल्या श्रेणी मोकळ्या केल्या. मानसशास्त्रज्ञ व्यागोत्स्कीच्या विचारातून आलेली 'शिकवून मोजा' ही रीत मला या वयाला सर्वांत साजेशी वाटते: आधी मोजा, मग थोडी मदत करा, मग पुन्हा मोजा, आणि मदतीने मूल किती पुढे सरकलं ते लिहा. चांदणीपाशी अडलेल्या मुलाला एकदा कोन दाखवला आणि पुढच्या वेळी ते स्वतः फुली फिरवून बसवू लागलं, ही नोंद कोणत्याही मानसिक वयापेक्षा शिक्षिकेच्या जास्त कामाची आहे. सेगाँ त्या पाटीवर हेच करत होता.

महाराष्ट्राला आज हवी आहेत ती अडीच ते सहा वर्षांसाठी नवी मराठी मानकं. नमुना कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून घेतलेला हवा. कोरकू, गोंडी, भिली, वारली घरांतल्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत सूचना देणारा परीक्षक आणि वेगळी तपासणी हवी, निव्वळ मराठीतून केलेलं भाषांतर पुरणार नाही. उत्तरपत्रिकेत पेरूशेजारी जाम आणि जांब छापलेले हवेत. अहवालात एकट्या आकड्याऐवजी त्याचा पट्टा, चाचणीची भाषा, मूल त्या दिवशी झोपलेलं होतं का, जेवलेलं होतं का, आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात हे लिहायचा नियम हवा. कामत आणि फाटक यांनी आपापल्या काळात तुटपुंज्या साधनांत एकेका मुलापुढे बसून अशी मानकं उभी केली. विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग, जिल्ह्यांची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आणि अंगणवाडी सेविका आज एकाच राज्यात आहेत. हे काम दर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा करावं लागेल, हे धरूनच त्याची तरतूद व्हायला हवी.